बाराशे मीटर पुढे

"परत फिरण्यात कसली आलीय लाज? वेळेवर फिरावं आणि घरी येऊन गरम सूप प्यावं!"

शाळेतल्या बाईंचा हा आवाज बोर्गिलच्या कानात पन्नास वर्षं होता. डोंगरात, किनाऱ्यावर, कुठंही पायी निघालं की पाळायचे नियम बाई वर्गाकडून घोकून घेत, आणि हा नियम म्हणताना छडी टेबलावर आपटत. घरी आल्यावर मात्र आई म्हणायची, "हवा वाईट नसते गं, कपडे वाईट असतात. चल, घाल बूट!" नॉर्वेच्या त्या उत्तर टोकाला प्रत्येक मूल ही दोन्ही वाक्यं दुधाबरोबर पीत मोठं होतं. दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलंच तर चारचौघांत बोलत नाहीत.

बोर्गिल पंधरा वर्षं दर गुरुवारी लोकांना स्कार्वेटच्या दीपगृहाकडे नेत होती. जायला सात किलोमीटर, यायला सात. नवरा गेल्यापासून तिच्या आठवड्याचे दोन भाग पडले होते, गुरुवार आणि उरलेले सहा दिवस. पहाटे उठून पवित्र शास्त्रातलं एक पान वाचायचं आणि गुरुवारी वाट दाखवायची, हे दोन नेम तिने कधी चुकवले नव्हते. पण यंदा पालिकेला वाटाड्याच्या जागी फोनमधून बोलणारा आवाज बसवायची हुक्की आली होती. बोर्गिलला ठेवायचं की तो आवाज आणायचा, हे ठरवायला ट्रॉम्सोहून एक सुरक्षा-सल्लागार आले होते. त्यांचं नाव तुर्मोद. त्यांच्या जाकिटाला अकरा खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक फॉर्म होता.

"वाटेच्या खुणा कशावरून ओळखता, बाई?" त्यांनी निघतानाच विचारलं.

"दगडांच्या ढिगांवरून. नाहीतर पायांनाच कळतं."

"पायांनाच कळतं," असं लिहून घेत तुर्मोद साहेबांनी त्याच्यापुढे एक फुली मारली आणि तिच्या हातात एक यंत्र ठेवलं. "आजपासून हे. हे थेट उपग्रहाशी बोलतं."

बोर्गिल रोज पहाटे उपग्रहाच्याही वरच्याशी बोलत असे. पण त्याने तिला कधी मीटर सांगितले नव्हते. तिने मुकाट्याने यंत्र गळ्यात अडकवलं.

बरोबर माणसं मोजकीच होती. ऑस्लोहून आलेलं विबेके आणि योस्टाइन हे जोडपं होतं. दोघांच्या अंगावरचे कपडे विकले असते तर गावात एक मच्छीमार होडी आली असती. आणि होती पेत्राआजी, ऐंशीला टेकलेली. तिचे वडील स्कार्वेटचे दिवेवाले. ती त्या दीपगृहात जन्मली, चौदा वर्षं तिथंच वाढली, मग दक्षिणेला गेली ती आज परत येत होती. शनिवारी दुपारच्या बोटीने ती परत जायची होती.

"गुडघ्यांनी सांगितलंय," आजी म्हणाली, "आता हे एकदाच. पुढच्या वेळी आम्हाला गृहीत धरू नकोस."

पहिले तीन किलोमीटर सगळं सुरळीत होतं. ऊन होतं, रेनडिअर वाट अडवून उभे राहत होते, विबेके त्यांचे फोटो काढत होती. चौथ्या किलोमीटरला समुद्राकडून धुकं निघालं. पाचव्याला ते येऊन अंगावर बसलं, आणि बरोबर बारीक, आडवा, बोचरा पाऊस घेऊन आलं. पुढच्याची पाठ मागच्याला दिसेना.

बोर्गिलने ओळखलं, फिरायची वेळ हीच. पण तिच्या मनात आलं, साहेब परीक्षा घेतायत. इतक्यात फिरलं तर म्हणतील, बाई घाबरट आहे. ती साहेबांनी काही म्हणण्याची वाट पाहू लागली. साहेबांच्या पायातल्या बुटात पाणी शिरलं होतं आणि त्यांना मनापासून परत फिरावंसं वाटत होतं. पण परीक्षकाने उत्तर सांगायचं नसतं. ते बाईंच्या तोंडाकडे पाहत होते.

"थंडी वाजतेय का गं?" योस्टाइनने बायकोला विचारलं.

"छे! तुला?"

"मला? या जाकिटात?" त्याचे दात वाजत होते. "जाकीट हिमालयासाठी बनवलंय."

"मग हिमालयातच वापर की. इथं ते गळतंय."

"गळत नाहीये. श्वास घेतंय."

"आजींना त्रास होत असेल तर आपण फिरू या," विबेके मोठ्या आशेने म्हणाली.

"मला काही होत नाहीये," पेत्राआजी पुढून म्हणाली. "वाईट हवा नसते, पोरी."

झालं. ते वाक्य एकदा उच्चारलं गेल्यावर त्या देशातलं कुणी परत फिरत नाही. सगळे निमूट चालत राहिले. लाज नाही, लाज नाही, असं प्रत्येकजण मनात म्हणत होता आणि लाजेपायी पुढे जात होता.

अडीच तासांनी बोर्गिलचे पाय थांबले. पायांचं म्हणणं होतं, आलो. यंत्राचं म्हणणं होतं, अजून बाराशे मीटर. तिने साहेबांना यंत्र दाखवलं.

"अजून बाराशे," साहेब यंत्राच्या बाजूने म्हणाले.

"पण मला वाटतं..."

"वाटतं कशाला? दिसतंय ना आकड्यात."

धुक्यात समोर एक दगडी भिंत लागली. पुरुषभर उंचीची, उभी, ताशीव. वर नुसतं पांढरं. निदान वारा तरी अडत होता. सगळे तिला पाठ लावून बसले. थर्मास निघाले, पावावरचं तपकिरी चीज निघालं.

"काय सरळ कातळ आहे!" योस्टाइन म्हणाला. "जणू ओळंबा लावून घडवलाय."

"निसर्ग!" विबेकेने डोळे मिटले. "माणसाला जमेल का असं?"

"हिमनदीचं काम आहे हे," तुर्मोद साहेबांनी माहिती दिली. "दहा हजार वर्षांपूर्वी बर्फाने घासून काढलंय. ही कडी दिसतेय ना? ती जुन्या कोळ्यांनी होड्या बांधायला ठोकलेली."

"इतक्या वर?" योस्टाइनने विचारलं.

"तेव्हा समुद्र वर होता," साहेब म्हणाले.

पेत्राआजी गाल भिंतीला टेकवून बसली होती.

कॉफी पोटात गेल्यावर माणसाला धीर येतो. विबेकेला तो सगळ्यांत आधी आला. "मी एक बोलू का? परत फिरण्यात लाज नसते ना?"

धरणाची भिंत फुटावी तसं झालं.

"अगं, मी तेच म्हणणार होतो!" योस्टाइन उभाच राहिला.

"मी केव्हापासून वाट पाहतोय कुणीतरी म्हणेल याची," तुर्मोद साहेब म्हणाले. मग जीभ चावून बोर्गिलकडे वळले. "म्हणजे, बाई, निर्णय तुमचा."

"फिरू या," बोर्गिल म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. शिखर सर केलेल्यांनी मिळवावेत तसे. साहेबांनी खिशातून नारिंगी रिबीन काढून कडीला बांधली. "परतीची सुरक्षित जागा," असं ते मोठ्याने म्हणाले आणि सातव्या खिशातला फॉर्म भरू लागले.

आजी उठायला वेळ लावत होती. बोर्गिल तिला हात द्यायला वाकली.

"वरच्या खोलीत जायचं होतं गं," आजी हळूच म्हणाली. "दिव्याच्या. बाबा तिथं मला खांद्यावर घेऊन काच पुसायला लावायचे. असो. राहिलं."

"नाही राहणार. बोटीच्या आधी तुम्हाला वर नेते. शब्द देते."

बोर्गिल शब्द देत नसे, आणि दिला की मोडत नसे. आजीला उठवताना आधार म्हणून तिने भिंतीवर तळवा टेकला, तो वर सरकला आणि दगड संपून त्याला लोखंड लागलं. गार, गोल, रिव्हेट ठोकलेलं. हात खाली घेतला तर हातमोज्याला लाल रंगाचा पोपडा चिकटला होता. साहेबांची कडी म्हणजे बाहेरच्या शिडीची पहिली पायरी होती.

पंधरा वर्षं वाट दाखवणाऱ्या बाईने तो पोपडा मुठीत लपवला. बोलावं, तर माणसं दीपगृहाला टेकून जेवली आणि वाटाड्याला पत्ता नाही, असं उघड होतं. न बोलावं, तर खोटं. पुढची मंडळी तर गाणं म्हणत निघालीसुद्धा होती. ती परतीचे सात किलोमीटर खाली मान घालून चालली.

संध्याकाळी गावच्या सभागृहात वाफल्सचा वास दरवळत होता. तुर्मोद साहेबांनी कोरडे मोजे घालून अहवाल वाचला. वाटाड्याने दडपणाला बळी न पडता, इष्ट स्थळापासून अवघ्या बाराशे मीटरवरून पथक परत फिरवलं. गेल्या दहा वर्षांतलं हे सर्वांत आदर्श परत फिरणं. बोर्गिलबाईंना पाच वर्षांची मुदतवाढ. एकच अट. इथून पुढे सहल नारिंगी रिबिनीपाशी संपेल. त्यापलीकडे कुणाला नेल्यास वाटाड्याचं काम त्याच दिवशी बंद.

टाळ्या पडल्या. बोर्गिलने तोपर्यंत मनाशी देवाचं नाव घेतलं होतं. टाळ्या थांबल्यावर ती साहेबांपाशी गेली.

"साहेब, तो कातळ नव्हता. दीपगृहच होतं ते. त्याचं जोतं."

साहेबांनी वाफल ताटलीत ठेवलं. "बाई, अहवाल गेलाय."

"पण साहेब..."

"त्यात कातळ लिहिलंय. वरून उत्तरही आलंय. हे बघा, फोनवर अंगठा."

"उद्या धुकं जाईल. तुम्हीच चला, दाखवते."

"रिबिनीपलीकडे जायची मलाही परवानगी नाही."

"मग दीपगृह आहे कुठं?"

"बाराशे मीटर पुढे."

"पुढे समुद्र आहे, साहेब."

"म्हणूनच तर धोक्याचं!" साहेबांनी समाधानाने वाफलवर जॅम ओतला. "तुम्ही चांगलं काम केलंय, बाई. उगाच घोळ घालू नका."

खरं बोलून पाहिलं, पण खरं कुणी घ्यायलाच तयार नाही, असा प्रसंग बोर्गिलवर पहिल्यांदाच आला होता. शास्त्रात याबद्दल काही सांगितलेलं तिला आठवेना. ती बाहेर आली. पेत्राआजी बाकावर बसली होती.

"आजी, मला तुम्हाला काही सांगायचंय. आपण आज..."

"जोत्यावर बसून जेवलो. ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कळलं होतं?"

"चौदा वर्षं त्याच दगडावर बसून सुकी मासळी चघळलेय मी. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी परीक्षा चालली होती ना गं. आणि ते पुण्यवान लोक परत फिरायला मिळालं म्हणून इतके खूश होते. कशाला मोडायचा आनंद?" आजीने तिचा हात थोपटला. "हात लागला भिंतीला. पुष्कळ झालं. तो शब्दबिब्द सोड. तुझा गुरुवार राहिला पाहिजे."



शुक्रवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. गावाच्या कुठल्याही खिडकीतून दीपगृह दिसत होतं. लाल, उंच, जिथं होतं तिथंच. विश्रामगृहाच्या खिडकीत तुर्मोद साहेब त्याच्याकडे पाठ करून कॉफी पीत होते. विबेके आणि योस्टाइन आपण किती बहादुरीने परत फिरलो, हे फोनवरून कुणाला तरी सांगत होते.

बोर्गिलने पहाटेचं पान वाचलं, यंत्र पुसून त्याच्या डब्यात ठेवलं आणि ती आजीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खांद्यावर थर्मास होता. पायात बूट होते.

"अगं वेडे," आजी म्हणाली, "खिडकीतून सगळ्यांना दिसेल. तो साहेब आजच्या आज तुझं काम काढून घेईल."

"वर पायऱ्या किती आहेत, आजी?"

"एकशे सव्वीस. का?"

"मग लवकर निघायला हवं," बोर्गिल म्हणाली. तिने आजीची पिशवी आपल्या पाठीला लावली, तिची काठी तिच्या हातात दिली आणि विश्रामगृहाचं फाटक उघडून धरलं.