गुलालाचे जंतू

आपला पाठ शाळेच्या फाटकाबाहेर जात नाही, हे इतर मास्तरांचं दुःख. रविकांत सरांना ते मान्यच नव्हतं!

"पाह्यजो मंजू, माहा उद्याचा पाठ घराघरात जाते," ते आदल्या दिवशी बायकोला म्हणाले.

"जाऊ द्या," मंजू तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "येतायेता त्याच्यासंगं गिरनीतून पीठ आना."

सरांना ऐकूच गेलं नाही. ते समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते आणि भिंतीवर त्यांना वाशिमचं सभागृह दिसत होतं. आरोग्य आणि जीवनकौशल्यांचा पाठ बघायला परवा केंद्रप्रमुख यायचे होते. पसंत पडला, तर तोच पाठ वाशिमला अख्ख्या जिल्ह्याच्या मास्तरांपुढे करून दाखवायचा! पंधरा वर्षांच्या नोकरीत सरांना कुणी रिसोडच्या पलीकडे बोलावलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी भिंतीवरच दोन वेळा टाळ्या घेतल्या, तिसऱ्या वेळी थोडे लाजले आणि पीठ विसरले.

माणूस तसा गुणी, पण स्वप्नाळू. सातचा पाढा म्हणताना सातपाचा पस्तीसवर खिडकीबाहेर ढग दिसला, की पुढचा पाढा पोरांनी आपापला म्हणायचा! रिठदच्या अलीकडच्या त्या गावाला याची सवय झाली होती.

तर दुसऱ्या दिवशी सरांनी चौथी-पाचवीच्या एकत्र वर्गात खोबरेल तेलाची बाटली आणली, आणि अर्धा किलो गुलाल.

"जंतू डोळ्याले दिसते काय?"

"नाई सर!"

"म्हनून आज आपन त्याईले गुलाबी रंग देऊ! रुचिका, तू ये. तुह्या हाताले जंतू लागले, असं समज."

रुचिकाने ऐटीत दोन्ही तळवे पुढे केले. सरांनी तेल चोळलं, वर गुलाल थापला. तिने दोघांशी हात मिळवायचे, त्यांनी आणखी दोघांशी, आणि असं पुढे. पाच मिनिटांत एकतीस पोरांचे बासष्ट हात गुलाबी झाले! कुणी नाक खाजवलं, कुणी मित्राचे गाल ओढले. उन्हाच्या तिरिपेत गुलाबी धूळ तरंगायला लागली, सावकाश, वजन नसल्यासारखी. सर तिच्याकडे बघत राहिले. ते वाशिमला पोचले होते.

"सर, आता धुवाचे काय?" रुचिकाने बाही ओढली.

धुवायचे होतेच! साबणाने, वीस आकडे मोजून! पाठाचा सगळा जीव त्या धुण्यातच होता. पोरं रांगेने नळाशी गेली. नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. लाईन सकाळपासून गेलेली, टाकी कोरडी.

"काई हरकत नाई," सर स्वप्नातूनच म्हणाले. "घरी जा, साबनानं हात धुवा, घरच्याईलेही शिकवा, अन् या!"

आणि बरोबर बाराच्या ठोक्याला एकतीस गुलाबी पोरं गावात सुटली.

आता एक गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती आणि फक्त सरांना नव्हती. त्या दिवशी रिसोडला सरपंचपदाची मतमोजणी होती! एकीकडे जुने सरपंच दौलतराव, दुसरीकडे लिलाबाई. अर्धं गाव जीपने रिसोडला गेलेलं, उरलेलं अर्धं ओट्यांवर बसून मोबाईल आभाळाकडे धरून होतं. लाईनीसोबत नेटवर्कही गेलेलं. आणि त्या गावात जानेवारी महिन्यात गुलाल दिसला, तर त्याचा अर्थ एकच!

दौलतराव ओट्यावर पांढराशुभ्र शर्ट घालून बसले होते. रुचिका त्यांची नात. ती धावत आली आणि "आबा!" म्हणून गळ्यातच पडली. शर्टावर दोन पंजे उमटले, गालांवर दोन. पाणी कुठाय, साबण कुठाय, असं ओरडत ती मोरीकडे पळाली.

हे रस्त्यावरून पाहिलं किराणा दुकानवाल्या बाबूलालने. दौलतरावांच्या गालाला गुलाल! म्हणजे त्यांना कळलं!

"आबा! निवडून आले!" तो ओरडला.

दौलतरावांना वाटलं, बाबूलालला कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मले वाटलंच होतं लेका," ते म्हणाले आणि त्यांनी बाबूलालला कडकडून मिठी मारली.

बस! बाबूलालने गुलालाचं पोतं फोडलं. जो तो दुसऱ्याचा गाल बघून खात्री करून घेत होता आणि तिसऱ्याला लावत होता. डफडं वाजायला लागलं. रिठदहून चार किलो पेढे आले. मिरवणूक निघाली, आणि दौलतराव प्रत्येकाच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा घालत निघाले.

पोरं का परतली नाहीत हे बघायला सर शाळेबाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. गल्ली गुलाबी. दारं गुलाबी. ओट्यावरच्या म्हाताऱ्या गुलाबी. दौलतरावांचा गोऱ्हादेखील गुलाबी! वर गुलाबी धुरळ्यात दुपारचं ऊन मऊ होऊन पसरलं होतं, आणि त्यातून माणसं हसत, नाचत, तरंगत येत होती.

घराघरात! अर्ध्या तासात! पाठ नव्हे, हे तर वादळ झालं!

"सर, तुमीबी या!" कुणीतरी त्यांना आत ओढलं.

"मी काई केलं नाई," सर नम्रपणे म्हणाले, "सगळं पोराईचं श्रेय हाये." आणि तेही नाचू लागले. पंधरा वर्षांत इतका आनंद त्यांना झाला नव्हता!

चौकात समोरून रिसोडची जीप आली. आत लिलाबाई, स्वच्छ पांढऱ्या साडीत, गळ्यात हार. डफडं थांबलं.

"काहो आबा," लिलाबाई चक्रावून म्हणाली, "निवडून त मी आलो. अकरा मतानं. तुमी काहून नाचून राह्यले?"

चौकात पेढा गिळल्याचासुद्धा आवाज येईना. दौलतरावांचा चेहरा गुलालाखालून पांढरा पडला. माणूस खरंच मोडून गेला.

"मले गुलाल कोनं लावला?" दौलतराव हळूच म्हणाले.

"मले तुमच्या गालचा लागला," बाबूलाल म्हणाला.

"मले बाबूलालचा."

"मले त्याचा."

"अन् मले रुचीचा," दौलतराव म्हणाले. "रुची, तुले कोनाचा?"

"सरचा!" रुचिकाने अभिमानाने बोट दाखवलं.

सगळं गाव सरांकडे वळलं. शहाणा माणूस पळाला असता. पण सरांना दिसलं, की पाठाचा उरलेला भाग आपोआप समोर येऊन उभा आहे!

"हेच त सांगाचं होतं!" ते ओरडले. "एका हातावरून अख्ख्या गावात! गुलाल म्हनजे जंतू! अन् जिथं गुलाल गेला, तिथं जंतू गेले!"

दीडशे माणसांनी आधी स्वतःचा हात बघितला. मग हातातला पेढा. मग दौलतरावांकडे.

"मी दुरूनच नमस्कार करतो बाप्पा," म्हणून लिलाबाईने जीप वळवायला सांगितली. विहिरीवर झुंबड उडाली. बाबूलालकडचा साबण पंधरा मिनिटांत संपला. एकटे दौलतराव तसेच पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन घरी गेले. त्या दिवशी त्यांनी हातही धुतले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख आले. गावचे मोठे म्हणून दौलतरावांची खुर्ची होतीच, आणि ते आलेही! "हारलो म्हनून का तोंड लपवू?" एवढंच बोलून ते ताठ बसले. तळव्यांवर कालचा रंग तसाच होता.

सरांनी पाठ रंगवून सांगितला. केंद्रप्रमुख खूश. त्यांनी वर्गाला विचारलं, "सांगा बरं, जंतू येतात कुठून?"

एकतीस हात वर झाले आणि वर्ग एका सुरात ओरडला, "दौलतआबाच्या घरून!"

सगळ्यांत मोठा आवाज रुचिकाचा!

सरांनी डोळे मिटून घेतले. खुर्ची सरकली. दौलतराव उठले, व्हरांड्यातल्या नळापाशी गेले. आज पाणी होतं. त्यांनी साबण घेतला आणि हात चोळत मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "एक... दोन..." आठपर्यंत ते एकटे होते. नवापासून पोरं धावली आणि त्यांच्या भोवती उभी राहून मोजू लागली. वीसला गुलाबी पाणी पायरीवरून ओघळत गेलं. सरांना इतकं भरून आलं, की त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी ते केंद्रप्रमुखांनी शेरा लिहिलेली वही उघडून मंजूसमोर बसले.

"काय लिवलं?"

"'पाठाचा परिणाम संपूर्ण गावात दिसून आला,'" सरांनी वाचलं आणि ते भिंतीकडे बघू लागले.

मंजूने वही ओढली. "अन् खाली हे काय? 'हा पाठ अन्य कोणत्याही गावात घेऊ नये'?"

"ते," सर म्हणाले, "कार्यालयीन हाये."