वरचे वर, खालचे खाली

गणित शिकवणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या आणि त्यांच्या जागी दोन आठवडे कोण, असा प्रश्न पाळकसाहेबांनी चर्चमागच्या हॉलमध्ये सहज विचारला. विचारताना त्यांची नजर बंबवाले काकांवर पडली, एवढंच झालं.

"घेईन की मी," काका म्हणाले.

काकांनी तीस वर्षं आगीचा बंब चालवला होता. घंटा वाजली की निघायचं, ही सवय अंगात इतकी भिनलेली की निवृत्तीनंतरही कुणी नुसतं "कोण येतं?" म्हटलं तरी ते अर्धे उठलेले असत. हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी वस्तीतली मुलं यायची. कुणाची आई धुणीभांडी करायची, कुणाचा बाप गोदामात ओझी उचलायचा, घरी अभ्यासाला जागा आणि शांतता दोन्ही नसायची. आधी तासभर अभ्यास, मग शुभवर्तमानातली एक गोष्ट, मग प्रत्येक शिक्षकाने आपापल्या मुलांशी दोन शब्द बोलायचे: घरी कसं आहे, शाळेत कोण त्रास देतं, रात्री झोप लागते का. काकांकडे इतके दिवस गोष्ट आणि गप्पा होत्या, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गर्दीत येशू दिसावा म्हणून बुटका जक्कय झाडावर चढतो ती गोष्ट ते अशी सांगत की मुलं श्वास रोखून बसत. "फांदी किती जाड होती, काका?" "माझ्या दंडाएवढी! तिथून माणूस उतरवायचा म्हणजे मला शिडी लागली असती. प्रभूने नुसती हाक मारली!"

पण गणित म्हणजे गणित. शाळेत असताना काकांनी त्याच्याशी कधीच समोरासमोर भेट घेतली नव्हती. ते आलं की हे गल्ली बदलायचे.

सोमवारी आठ मुलं वह्या उघडून बसली. फळ्यावर मावशींच्या अक्षरात एक बेरीज वाट बघत होती: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. पुढच्या सोमवारी पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत सहावीला जाणारी मुलं निवडण्याची चाचणी त्यांच्या वस्तीतल्या शाळेत होती, आणि अपूर्णांक त्यात हमखास येणार होते.

काकांनी बेरजेकडे पाहिलं. दोन मजली इमारती दिसल्या. प्रत्येकीच्या वरच्या मजल्यावर एक आकडा, खालच्या मजल्यावर एक. आणि त्यांना मार्ग सापडला.

"सोपं आहे रे! इमारतीला आग लागली की वरच्या मजल्यावरचे लोक शिडीने उतरतात, खालचे दाराने पळतात. दोघांची गल्लत करायची नाही. म्हणून वरचे वरच्यांत मिळवा, खालचे खालच्यांत. एक आणि एक दोन, दोन आणि तीन पाच. उत्तर दोन पंचमांश. पुढे!"

वर्गात आनंदाची लाट उसळली. शाळेतल्या बाईंनी लसावि नावाचं काहीतरी शिकवलं होतं आणि ते साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत विरून गेलं होतं. इथे तर लसाविच नाही! पाच मिनिटांत सगळ्यांच्या वह्या भरल्या. फक्त खिडकीपाशी बसलेली एक दहा वर्षांची मुलगी पेन्सिल चावत होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण वस्तीत सगळे तिला 'वकील' म्हणत, कारण तिला गप्प करणं अजून कुणाला जमलं नव्हतं.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"पाचातले दोन म्हणजे निम्म्याहून कमीच ना? मग अर्ध्यात आपण भर घातली आणि ते अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?"

काकांनी फळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या लोकांचा रस्ता त्यांना फार आकर्षक वाटला. सात मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं.

"बाळ," ते घसा खाकरत म्हणाले, "काही गोष्टी विश्वासाने घ्यायच्या असतात."

वकील त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान खाली घालून वही पुढे ओढली. आपण तिला पटवलं, असं काकांना वाटलं.

आठ मुलांनी ही युक्ती घरी नेली. नळावर पाण्याच्या रांगेत ती भावंडांना मिळाली, भावंडांनी शेजाऱ्यांना दिली. शुक्रवारपर्यंत वस्तीतली चाचणीला बसणारी झाडून सगळी मुलं 'वरचे वर, खालचे खाली' असं तालात म्हणत फिरत होती. काकांनी ते रस्त्यात ऐकलं आणि छाती दोन इंच फुगवून घरी आले.

चाचणी झाली आणि बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब काकांच्या दारात उभे राहिले. पाळकसाहेब सहसा हसतमुख असत. आज ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"शाळेतून निरोप आलाय. वस्तीतल्या बावीस मुलांनी कॉपी केली म्हणे."

"आपल्या मुलांनी? शक्यच नाही!"

"एकवीस मुलांची उत्तरं अक्षरशः सारखी आहेत."

"मग?" काका उसळले. "बरोबर उत्तर एकच असतं, साहेब! सगळ्यांचं सारखंच येणार!"

"सारखीच चुकलीत."

काका हळूच खाली बसले.

"आणि बाईंनी विचारलं, ही कुठली रीत, तर एक मुलगा उठून म्हणाला, 'विश्वासाने घ्या, बाई.' हेडमास्तर भडकलेत. म्हणाले, तुम्ही पोरांना गणित शिकवता की धर्म? काही आईबापही तिथे जमले होते. उद्यापासून मुलांना हॉलमध्ये पाठवायचं की नाही, असं त्यांचं चाललंय." पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "विश्वास देवावर ठेवावा, बंबवाले. अपूर्णांक पडताळून घ्यावेत."

ते गेल्यावर काकू शिलाईच्या यंत्रावरून उठल्या. गायकवृंदाचे झगे त्या शिवत असत आणि आतल्या खोलीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय शिकवलंत हो तुम्ही?"

काकांनी शिडी, दार, वरचा मजला, खालचा मजला, सगळं सांगितलं. जरा हात करूनच सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, मग टेबलावर कापड पसरलं.

"हे अर्धा मीटर. हे पाव मीटर. तुमच्या रीतीने जोडा बघू."

काकांनी बोटांवर केलं. "एक आणि एक दोन. दोन आणि चार सहा. दोन षष्ठांश."

"म्हणजे मीटरचा तिसरा हिस्सा. अर्ध्याहून कमी." काकूंनी कापडाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने पाहिलं. "अर्धा मीटर कापडाला पाव मीटर जोडलं आणि कापड आटलं? अहो, अजून धुतलंही नाहीये!"

काकांनी दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून वितीने मोजले. आपल्या आयुष्यात त्यांनी धुराने कोंडलेल्या खोल्या पाहिल्या होत्या, पण इतकं गुदमरायला त्यांना कधी झालं नव्हतं.

"त्या पोरीने मला हेच विचारलं होतं," ते म्हणाले. "अगदी हेच. आणि मी तिला देवाचं नाव पुढे करून गप्प बसवलं."

"मग आता?"

"मावशी पुढच्या आठवड्यात येतील, त्या बघतील..."

"बाळंतपणाहून आलेल्या बाईने तुमचं निस्तरायचं?" काकूंनी कापडाची घडी घातली. "दुसऱ्यांना जक्कयाची गोष्ट सांगता ना? तुम्हीच चढून बसलाय झाडावर. उतरा खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर दहाबारा आया उभ्या होत्या. कामाचा खाडा करून आल्या होत्या. सगळ्यांत पुढे वकिलाची आई, कपड्यांना इस्त्री करून देणारी. आत गणिताच्या बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. निवड झालेल्यांची यादी त्याच दुपारी पुलापलीकडे जाणार होती.

काकांनी दार उघडंच ठेवलं आणि बंबावर असताना ज्या आवाजात ते 'बाजूला व्हा' म्हणत, त्याच आवाजात बोलून टाकलं, कारण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता.

"मुलांनी कॉपी केलेली नाही! चूक माझी आहे. मला अपूर्णांक येत नाहीत. कधीच येत नव्हते. पण मला येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून ठोकून दिलं. आणि विश्वासाने घ्या म्हणालो ते धर्म शिकवायला नाही, लपायला जागा नव्हती म्हणून. शिक्षा द्यायची तर मला द्या."

शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा गजर बंद पडला. सगळ्या शाळेने ऐकलं होतं.

हेडमास्तर रात्री भाषण तयार करून आले होते, आणि त्यातलं एकही वाक्य आता चालणार नव्हतं.

गणिताच्या बाईंनी मात्र गठ्ठ्यातून एक कागद काढला. "तुमच्याकडे शिकणारी ती वकील. बावीस जणांत हिची तेवढी उत्तरं वेगळी आहेत. हे वाचा."

पाचही बेरजांपुढे दोन-दोन उत्तरं होती. पहिली बेरीज हॉलच्या फळ्यावरचीच होती: उत्तर पाच षष्ठांश, बरोबर. त्याच्याखाली कंसात दोन पंचमांश. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वरचं माझं उत्तर आहे. खालचं आमच्या काकांचं आहे. ते चूक आहे पण ते खूप चांगले आहेत. त्यांना सांगू नका.'

"एका गणिताला दोन उत्तरं लिहिली की शून्य, असा नियम आहे," बाई म्हणाल्या. "मी शून्य दिलंय. आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही."

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षरं लहान होती म्हणून नव्हे. त्या दिवशी पोरगी पटून गप्प बसली नव्हती. तिने त्यांच्या तोंडावरचा घाम पाहिला होता.

"नियम बरोबर आहे, बाई," ते या वेळी अगदी हळू म्हणाले. "पण तिने एकच उत्तर लिहिलं. दुसरं उत्तर माझं आहे. त्याचं शून्य माझ्या नावावर घाला."

बाईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यादी दोन दिवस उशिरा गेली तर पूल काही पडत नाही. बावीस जणांची पुन्हा चाचणी घ्या."

ते दोन दिवस बाई स्वतः हॉलमध्ये येऊन लसावि शिकवून गेल्या. बावीस मुलांना हाताशी धरून शिकवलं की तो मागच्या बाकापर्यंत पोचतो, हे त्यांनाही नव्याने कळलं. नऊ मुलं निवडली गेली. वकील दुसरी आली, आणि पहिली का नाही आली म्हणून बाईंशी पाऊण तास भांडून आली.

काकांनी पाळकसाहेबांच्या हातात हॉलची किल्ली ठेवली. "मी गोष्टीसुद्धा सोडतो, साहेब. कुठल्या तोंडाने सांगू?"

पाळकसाहेब काही बोलणार तोच दारात गलका झाला. वकिलाची आई होती, आणि तिच्यामागे आणखी पाचसहा जणी. काकांना वाटलं, आता मात्र आली कंबख्ती.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला खरंच येत नाही ना ते?"

"नाही हो, बाई. सांगितलं की सगळ्यांसमोर."

"मग आम्ही येऊ का तुमच्याबरोबर शिकायला? आतापर्यंत ज्यांना येत होतं, त्यांच्यापुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही. तुम्हाला काहीच येत नाही म्हटल्यावर बरं वाटलं." आणि इतर जणींनी माना डोलावल्या, जणू काकांची शहरभर हीच तर ख्याती होती.

"पण मग शिकवणार कोण?" काकांनी विचारलं.

आईने मागे पाहिलं. वकील आधीच फळा पुसत होती.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, मुलांचा वर्ग सुटल्यावर, काका लहान बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. शेजारी इस्त्रीवाली, मागच्या बाकांवर बाकीच्या जणी. वकिलाने बेरीज लिहिली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. काका पेन्सिलीचं टोक जिभेला लावून बराच वेळ झुंजले. मग सहज, मोकळी हवा घ्यावी तशी त्यांनी मान डावीकडे वळवली. इस्त्रीवालीने चटकन वहीवर पंजा ठेवला.

"काका, मान सरळ," फळ्याकडून आवाज आला.

शेवटी दोघांनी वह्या पुढे केल्या. वकिलाने दोन्ही तपासल्या, आईची थोडी जास्त कडकपणे. दोन्ही उत्तरं चुकली होती, आणि दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी चुकली होती.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे दोघांनी आपापलं डोकं वापरलंत. आता पुन्हा करा."