खैरनार अप्पांची टेप

बारशाला कोणी चांदीची वाटी आणतं, कोणी झबलं-टोपडं आणतं. आमचे खैरनार अप्पा टेप आणतात. बाळाच्या कानात नाव सांगून झालं, पेढे फिरले, की अप्पा गळ्यातली टेप काढतात आणि पाळण्यातल्या त्या बारा दिवसांच्या गोळ्याचं माप घ्यायला लागतात. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, मग खांदे, मग तळहात. बाळ रडायला लागतं, बाळाची आजी अस्वस्थ होते. अप्पा क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कबड्डी!"

अप्पा शिंपी आहेत. सिडकोतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं दुकान आणि दुसऱ्या मजल्यावर घर. शाळाशाळांचे खेळाचे कपडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यातून त्यांची एक खात्री झाली. प्रत्येक अंगाचा खेळ जन्मतःच ठरलेला असतो, फक्त टेप लावायचा अवकाश. "माप खोटं बोलत नाही, भाऊ," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. एकदा खेळ ठरला की पोरानं चालायला लागल्यापासून तोच खेळायचा, दुसऱ्या खेळाकडे बघायचंसुद्धा नाही. कोणी सकाळी क्रिकेट आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना दिसलं की अप्पा दुकानातून ओरडतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" शिंप्याच्या तोंडी ही म्हण काय शोभते म्हणून सांगू!

माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी टेप लावली आणि अप्पा एकदम आपल्या गावच्या, सटाण्याच्या, बोलीवर घसरले. आनंद झाला की त्यांचं असं होतं. "भारी शे! खांदे बघा भाऊ, पोहणारा आहे हा!" आम्ही नवरा-बायको शिकलेसवरलेले, पण आमचीही मती गुंग झाली. चौथं वर्ष लागल्याबरोबर पोराला तलावावर नेलं. चार महिने तो प्रशिक्षकांच्या गळ्याला मिठी मारून राहिला. शेवटी त्या भल्या माणसानंच आमच्यापुढे हात जोडले. आता चिरंजीव नऊ वर्षांचे आहेत आणि चूळ भरतानाही डोळे मिटून घेतात.

अप्पांना याचं काही वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांच्या मुलीला त्यांनी वेटलिफ्टिंग सांगितलं होतं. ती पेटी शिकली. मी हे ऐकवल्यावर अप्पा म्हणाले, "मग क्लासला ती पेटी उचलून कोण नेतं? तीच ना?"

आता गंमत बघा. याच अप्पांकडे मुलाचा शाळेचा गणवेश शिवायला टाकला, तर ते तो चार बोटं ढिला शिवतात. आत दोन इंच कापड दुमडून ठेवतात, पुढच्या वर्षी उसवून सोडायला. "पोरगं वाढणार, भाऊ. वाढत्या अंगाला नेमकं शिवू नये." मी एकदा म्हटलंही, "अप्पा, मग बारशालाच एवढं नेमकं माप कशाला?"

"ते वेगळं," अप्पा म्हणाले आणि मशीनचं पायडल जोरात मारायला लागले.

ते वेगळं का, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. फक्त कोणी बोलत नाही.

अप्पांनी पहिली टेप लावली ती स्वतःच्या मुलीला, मनीषाला. निकाल आला लांब उडी. मी तेव्हा शाळेत होतो. पहाटे दूध आणायला उतरलो की अप्पांची स्कूटर निघालेली दिसायची. मागे सहा वर्षांची मनीषा, बापाच्या पाठीवर गाल टेकून झोपलेली. रोज तोच वाळूचा खड्डा आणि रोज त्याच डाव्या पायावर उडी. आम्ही पोरं खाली लगोरी खेळायचो तेव्हा ती जिन्यात बसून बघायची. तिला खेळायला घेऊ का म्हणून मी एकदा विचारलं होतं. "पाय मुरगळला म्हणजे?" अप्पा म्हणाले होते. लगोरीत काही तो मुरगळला नाही. पंधराव्या वर्षी वाळूच्या खड्ड्यापाशीच डावा गुडघा गेला. लहानपणापासून एकाच पायावर एवढा भार नको होता, असं डॉक्टर म्हणाले. माप चुकलं, असं अप्पांनी मात्र आजवर कबूल केलेलं नाही. मनीषा आजही जिना चढताना मध्ये थांबते. ती थांबली की दुकानातलं मशीनही थांबतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात ती नांदगावहून, सासरहून, बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी तिनं अप्पांना सांगितलं, "अप्पा, तिच्या पायाला टेप लावलीत, तर मी त्याच दिवशी नांदगावला निघून जाईन." हे ती दारात उभी राहून बोलली, त्यामुळे खालपर्यंत ऐकू आलं.

बारशाला अप्पा आले ते टेपेशिवाय. त्यांचा तो मोकळा गळा बघवेना. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आत्यानं कुर्र केलं, पेढे फिरले आणि जोश्यांनी सवयीनं आरोळी दिली, "अप्पा, होऊन जाऊ द्या! खेळ कोणता?" मनीषानं बाळाला उचलून छातीशी धरलं. अप्पा जिना उतरून गेले.

त्यांना जेवायला बोलवायला मी खाली गेलो. अप्पा दुकानात बसले होते. समोर कापायच्या टेबलावर मऊ पांढरी झबली ओळीनं मांडलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत सात.

"एका नातीला सात?" मी विचारलं.

"माप घ्यायचं नाही ना, भाऊ," अप्पा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा अंदाजानं शिवलं. कुठलं तरी एक बसेल. पण वर न्यायचा धीर होत नाही."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, मध्ये थांबली, पुन्हा वाजली. मनीषा बाळाला घेऊन दारात आली. तिनं झबली पाहिली. एकेक करून सातही पाहिली. मग बाळाला टेबलावर झबल्यांशेजारी अलगद ठेवलं आणि खुंटीवरची टेप काढून बापापुढे धरली. "घ्या माप."

अप्पांनी छाती मोजली, खांदे मोजले, झबल्याची उंची मोजली. "चार बोटं ढिलंच ठेवतो," ते पुटपुटले. बाळानं पाय झाडले. एक इवलीशी टाच त्यांच्या मनगटावर आपटली. अप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग टेप गुंडाळायला लागले.

"आणि पायाचं?" मनीषानं विचारलं.

"झबल्याला पायाचं माप लागत नाही, बाई," अप्पा म्हणाले.