खुल्या सहकार्याची बंद खोली

समिती यायच्या आधी अवकाशरावांनी खुल्या सहकार्य केंद्राच्या दारात किल्ली घातली, इकडेतिकडे पाहिलं आणि जोर लावून ती मोडली. अर्धी किल्ली कुलपात राहिली, अर्धी त्यांनी खिशात टाकली. मग चेहरा पाडून सहायिकेला हाक मारली.

"किल्ली मोडली हो. नेमकी आजच."

"अरेरे," सहायिका म्हणाली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

अवकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, संस्थेत माघारी सगळे त्यांना तसं म्हणत. साधी माणसं घरच्या घरी अँटेना बनवून उपग्रहांचे संदेश कशी पकडतात आणि एकमेकांना फुकट शिकवून बड्या बड्या संस्थांच्या नाकी नऊ कसे आणतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. या विषयावर त्यांनी देशोदेशी भाषणं दिली होती. त्यांच्या लेखांत 'खुले' हा शब्द इतक्या वेळा येई, की वाचताना पंखा बंद करावासा वाटे. स्वतः मात्र ते स्टेपलरसुद्धा खणात कुलूप लावून ठेवत, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला की संगणकाचा पडदा मिटत.

काही वर्षांपूर्वी अनुदान समितीनं त्यांना ही खोली दिली. सोबत अँटेना, रेडिओ, संगणक असं सगळं सामान दिलं. गावातल्या हौशी लोकांनी यावं, खुडबुड करावी आणि अवकाशरावांनी ती पाहून लिहावं, अशी कल्पना होती. खोकी आली. पण लोक आले तर सामानाला हात लावतील, या विचारानं अवकाशरावांनी खोकी उघडलीच नाहीत. संशोधन काही त्यामुळे अडलं नाही. 'संधी मिळाल्यास आपण सहकार्य कराल का?' असा प्रश्न त्यांनी लोकांना पाठवला, लोक 'हो' म्हणाले आणि त्या 'हो'वर त्यांचे लेखांवर लेख निघाले. असल्या लेखांना मानही मिळतो, हे आणखी विशेष.

आज समिती खोली बघून केंद्र चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होती. केंद्र गेलं तर अवकाशरावांची प्रमुखाची खुर्चीही जाणार होती. दार उघडलं की दोन्ही गेलीच म्हणून समजा. म्हणून किल्ली मोडली. सभागृहात चित्रं दाखवायची, जेवण घालायचं आणि निरोप द्यायचा, असा साधा बेत होता.

पण समितीनं आधीच एक अट घातली होती, की दोनचार खरे हौशी लोकही भेटायला हवेत. ज्यांच्यावर आयुष्यभर लिहिलं त्यांतला एकही माणूस अवकाशरावांच्या ओळखीचा नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "अहो, माझी बहीण नाही का? ती तेच तर करते." मेहुणी दंतवैद्य होती. पडद्याच्या दांड्यांपासून अँटेना बनवून ती गच्चीवर ढगांचे फोटो उतरवून घेई. अवकाशराव तिला घरात 'रिकामटेकडी' म्हणत. आता नाइलाजानं तिलाच बोलवावं लागलं. तिनं आपल्याबरोबर निवृत्त बसचालक असलेले एक काकाही आणले.

समितीच्या अध्यक्षबाई आल्या, तेव्हा ही सगळी मंडळी दारासमोरच उभी होती.

"किल्ली तुटली आहे," अवकाशराव हात चोळत म्हणाले. "फार वाईट वाटतं. आपण सभागृहातच बसू."

"कुठे तुटली? बघू," म्हणत मेहुणी खाली वाकली. "भाऊजी, टोक दिसतंय की. यापेक्षा आत गेलेली मुळं मी रोज काढते."

"नको, कशाला त्रास."

"त्रास कसला, हे ओरडणार थोडंच आहे?" तिनं पर्समधून चिमटा काढला आणि बघता बघता तुकडा बाहेर आला. अध्यक्षबाईंनी तो कौतुकानं तळहातावर घेतला.

अवकाशरावांनी घाम पुसला. "पण दुसरी किल्ली हरवली आहे ना."

"ताईला विचारते," मेहुणी म्हणाली. अवकाशराव 'अगं' म्हणेपर्यंत तिनं फोन लावलाही. घर संस्थेच्या मागच्याच रस्त्यावर होतं. बायको लगोलग हजर झाली.

"तुमच्या मोज्यांच्या खणात होती," ती किल्ली पुढे करत म्हणाली. "हरवली काय म्हणता? काल रात्री तुम्हीच तर मोज्यात कोंबलीत."

अवकाशराव तिच्याकडे असे बघत राहिले, की परकी बाई असती तर घाबरली असती. बायकोनं पदर सारखा केला.

किल्ली फिरायच्या आत ते घाईघाईनं जिन्याखाली गेले आणि त्यांनी मजल्याची वीज बंद केली. "दिवे गेले," ते परत येऊन म्हणाले. "अंधारात नाजूक सामानाला धक्का लागेल. आता खरंच राहू द्या."

"गेले नाहीत, कुणीतरी घालवलेत," बसवाले काका जिन्याखालून ओरडले. "खटका खाली होता. मी वर केला. आणि साहेब, त्याच्यावर तुमचा चष्मा राहिला होता, हा घ्या."

खरं तर एवढ्यावर माणसानं शरमेनं गप्प बसावं. पण शरम वाटायला एक वेगळी बुद्धी लागते, ती लेख लिहून येत नाही. अवकाशरावांनी दाराला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले.

"आतल्या सामानाला बाहेरची हवा चालत नाही."

"मग ते अवकाशात कसं चालतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बायकोनं त्यांना हाताला धरून बाजूला केलं आणि मेहुणीनं दार उघडलं.

आत छतापर्यंत खोकी होती, चिकटपट्टीसकट. त्यांतल्या एका खोक्याचं टेबल केलेलं होतं आणि त्यावर अवकाशरावांच्या लेखांचा गठ्ठा होता. अवकाशरावांनी घसा साफ केला.

"ही पद्धत आहे," ते म्हणाले. "वापरकर्त्यांच्या मनात मूळ ओढ असते. तिच्यावर तज्ज्ञाचा हात पडू नये, म्हणून मी मुद्दाम काही केलं नाही."

बोलता बोलता त्यांनाच ते पटू लागलं. पण तोवर मेहुणी आणि काका एका खोक्याजवळ गुडघ्यांवर बसले होते. "अहो काका, रेडिओ बघा!" "बाई, आधी खालचं धरा." चिकटपट्टी टराटरा फाटली. बायकोनं पदर खोचला. समितीतला एक गंभीर माणूस कोट काढून पुठ्ठे गोळा करू लागला. दुपारपर्यंत खिडकीतून अँटेना बाहेर आली आणि रेडिओतून किरकिर ऐकू येऊ लागली. काका म्हणाले, तो उपग्रह आहे. मेहुणी म्हणाली, शेजारचा मिक्सर आहे. दोघं आनंदानं भांडू लागले.

अध्यक्षबाई हात झटकत अवकाशरावांकडे आल्या. "केंद्र चालू राहील," त्या म्हणाल्या.

अवकाशरावांची छाती फुगली. "माझी पद्धत..."

"तुमच्या मेहुणीबाई ते चालवतील. दवाखाना संध्याकाळचा आहे, सकाळी जमेल म्हणाल्या. दाराचं कुलूप काढून टाकायचं. तुम्ही रोज इथे यायचं."

"प्रमुख म्हणून?"

"हौशी म्हणून. तुम्हाला अजून कधी संधीच मिळाली नाही ना."

अवकाशराव काही बोलणार, तेवढ्यात खिडकीपाशी स्टुलावर चढलेल्या मेहुणीनं मान न वळवता हाक मारली, "भाऊजी, स्टूल हलतंय. जरा धरता का?"

त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. बाकी सगळ्यांचे हात कामात होते. मग ते खाली बसले आणि स्टुलाचे दोन पाय त्यांनी धरले. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं सहकार्य. तेही त्यांनी दाराकडे पाठ करून केलं, कुणी बघू नये म्हणून.