प्रार्थनेस पूर्वपरवानगी

शनिवारी सकाळी दलपतने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सरकारसाठी प्रार्थना करायची परवानगी आली का, हे विचारायला तो कचेरीत गेला. त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा साधा दिवस होता.

नवापूरकडच्या डोंगरातल्या त्या गावात दलपत चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी होता. अधिकार देवानेच नेमलेला असतो, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे दर रविवारी तो राष्ट्रपतींपासून कोतवालापर्यंत सगळ्यांसाठी हुद्द्याच्या क्रमाने प्रार्थना करी. अगदी शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी त्याची मुलगी येई: "आणि प्रभू, आमची रविना." तेवढं ऐकायला रविना दर शनिवारी संध्याकाळी नोकरीच्या गावाहून घरी यायची.

घोटाळा तलाठ्यामुळे झाला. योगेंद्र तलाठ्याला सारंगखेड्याला, आपल्या घराजवळ, बदली हवी होती. दलपतने ते गाऱ्हाणं देवापुढे मांडलं आणि बदली झाली. ज्याची हुकली त्याने तक्रार केली. चौकशी समितीने निष्कर्ष काढला की प्रार्थना हा लाभ आहे, आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय शासकीय कर्मचाऱ्याला लाभ घेता येत नाही. सबब, परवानगी मिळेपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्याचं नाव देवापर्यंत परस्पर पोचवू नये.

दलपतने हुकूम चर्चमध्ये उभं राहून वाचला. "सरकार म्हणतं, आमच्यासाठी प्रार्थना करू नका. तेही सरकारचंच म्हणणं," तो म्हणाला. मंडळीने आमेन म्हटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने परवानगीसाठी कचेरीत अर्ज दिला.

प्रार्थना आटोपशीर झाली. तिच्यातून कोतवाल गेला, घरोघरी औषधं देणारी आशाताई गेली, एसटीचा कंडक्टर गेला. मोगराबाईच्या गुडघ्यासाठी प्रार्थना चालू राहिली, पण त्याला पट्टी बांधणारी नर्स सरकारी असल्याने वगळली.

"दलपतभाऊ, उद्या देवदूतांचं सेवापुस्तक मागतील," पास्टर सॅम्युअल कुरकुरले.

"मागितलं तर दाखवावं," दलपत गंभीरपणे म्हणाला.

रविनाचं नाव तर कोणी सांगायच्या आधीच त्याने गाळलं. "तू सेवेत आहेस ना," जेवताना तो म्हणाला. "परवानगी आली की पहिलं तुझंच." रविनाने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

तर त्या शनिवारी कचेरीत सुपडू कारकून म्हणाला, "साहेब मीटिंगमा शेतस. तुम्हना कागद वर गया."

"वर म्हणजे?"

"कलेक्टर हापिसमा."

"बरं. मला वाटलं, एकदम वर."

"तठे बी मीटिंगच चालू ऱ्हास, दलपतभाऊ," सुपडू म्हणाला, आणि दोघंही हसले.

रविवारी पहाटे दलपतच्या छातीत कळ आली. खाटेवर पडून तो रविनाकडे बघत राहिला. ओठ "आमची" इथपर्यंत आले, आणि नियम आठवून मिटले. जीप चिंचपाड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

सोमवारी पेटी खड्ड्यात उतरवली आणि कचेरीचा शिपाई धापा टाकत आला. सरकारी कागद म्हटल्यावर मंडळीने माती टाकायची थांबवली. पास्टरांनी वाचून दाखवलं: परवानगी देण्यात येत आहे. मात्र प्रार्थना अर्जदाराने स्वतः करावी. परवानगी वारसांकडे जाणार नाही. तसेच प्रार्थनेचा कोणताही परिणाम होणार नाही, याची अर्जदाराने लेखी हमी द्यावी.

"सही कोण करी?" शिपायाने विचारलं. "पोच लागस."

मंडळी खड्ड्यात बघू लागली.

रविना पुढे आली. चर्चमध्ये आजवर तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता.

"बाबा, परवानगी मागायचीच नव्हती," ती मोठ्याने म्हणाली. "मला माझं नाव ऐकायचं होतं." मग तिने डोळे मिटले. "प्रभू, आमचे बाबा. आमचा कोतवाल, आमची आशाताई, ती नर्स, हा शिपाई. आणि मी, रविना."

कोणी आमेन म्हटलं नाही. तिने डोळे उघडले. सगळे शिपायाकडे बघत होते.

"त्याच्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "आमेनवर कोणाची सही हवी आहे तुम्हाला?"