हौसाबाईंच्या तिसऱ्या ताकिदीची हकीकत

जिच्या कृपेनें विसरलेलें उत्तर वेळ संपण्यापूर्वीं आठवतें त्या शारदेस दंडवत घालून, आणि जाणत्यांनीं अधिकउणें पोटांत घालावें ऐसी विनंती करून, वर्तमान लिहितों तें ऐसें जे: शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं, एका थोर राज्यांत विद्येच्या दरबारानें हुकूम फिरविला कीं, येथून पुढें परीक्षार्थींनीं केंद्रावर येणें नाहीं, बाकावर नंबर शोधणें नाहीं; ज्यानें त्यानें आपले घरीं संगणकापुढें बैसावें, पोर्टलावर लॉगिन करावें, आणि पेपर तेथेंच सोडवून तेथेंच रुजू करावा. मग दरबारास शंका आली कीं, घरीं बैसलेल्यावर नजर कोणी ठेवावी? सबब संगणकाचे माथीं जो कॅमेरा असतो त्यासच पहारा सोंपविला आणि अखत्यार दिधला कीं, परीक्षार्थीनें मान वळविली, ओठ हलविले, अथवा दुसऱ्या माणसाचें अंग दृष्टीस पडलें, तर पडद्यावर तांबडी ताकीद झळकवावी; आणि ताकिदी तीन भरल्या म्हणजे निकाल रोखून चौकशी लावावी. हुकूम ऐकोन भलेभले हडबडले, कारण कीं मान न हलवितां विचार करणें हें कोणास शिकविलें नव्हतें.

त्या राज्यांत हौसाबाई टोणपे म्हणोन अंगणवाडीच्या सेविका होत्या. पोरांस गाणीं शिकवितां, वजनें घेतां, खिचडी वाटितां त्यांची उमर पन्नाशीकडे कलली होती. आणि मुख्यसेविकेची जागा मिळावी ही फार दिवसांची उमेद. परंतु त्या जागेस पदवी पाहिजे, आणि वयाची अट ऐसी कीं औंदा साधलें तर साधलें, पुढील सालीं दरवाजा बंद. सबब बाईंनीं घरबसल्या पदवीचा अभ्यास आरंभिला, आणि एकेक विषय सर करीत आल्या, आणि शेवटीं बालमानसशास्त्राचा पेपर तेवढा राहिला. यजमान रघोजी मोठे हौशी गृहस्थ. त्यांनीं लॅपटॉप पैदा केला, दाराची बेल काढून ठेविली, कुकरची शिट्टीहि काढून खिशांत घातली आणि सांगितलें कीं आज भात पातेल्यांत होईल.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. हौसाबाईंच्या भिंतीस भिंत लावून थोरली जाऊ द्वारकाबाई नांदत होत्या. बाईंचा आवाज ऐसा कीं, यांनीं भाजीवाल्यास हांक मारावी आणि पलीकडच्या आळींतलें कुत्रें उठून बसावें. परंतु हौसाबाईंकडे तो आवाज कैक वर्षें बंद होता. कारण कीं हौसाबाईंच्या लेकीच्या लग्नांत घाई बहुत जाहली, आणि अक्षत घेऊन दारीं जाण्याचें राहिलें, आणि सख्ख्या जावेस आमंत्रण गेलें तें मोबाइलवर, बाकी दोनशें माणसांस गेलें तेंच. द्वारकाबाई म्हणाल्या, मी काय मंडळाची सभासद? आणि लग्नास आल्या नाहींत, आणि मग बोलणें तुटलें तें तुटलेंच. दोघींच्या वाळवणाच्या वेळाहि निराळ्या जाहल्या. चूक आपली, हें हौसाबाई मनांत जाणत होत्या. परंतु मनांत जाणणें निराळें आणि जिभेवर आणणें निराळें.

असो. पेपराचा दिवस उगवला. हौसाबाईंनीं देवापुढें साखर ठेविली आणि लॉगिन केलें, आणि ओळखपत्र कॅमेऱ्यापुढें धरिलें, तों यंत्र म्हणे चेहरा जुळत नाहीं. मग चष्मा काढिला तेव्हां जुळला, आणि चष्मा काढल्यावर प्रश्न दिसेनात, म्हणोन फिरून घातला. पहिल्या प्रश्नास बाईंनीं संवयीप्रमाणें छताकडे पाहोन विचार केला, तों पहिली ताकीद आली. पुढें अंगणवाडींत पहिल्या दिवशीं रडणाऱ्या मुलाचा प्रश्न आला. तो वाचतांच बाईंच्या तोंडून आपसूक "ये गं बाळा" निघालें, तों दुसरी आली. मग बाई पुतळा होऊन बैसल्या आणि झरझर लिहूं लागल्या. अर्धा पेपर जाहला आणि पडदा गोठला, आणि मध्यें एक चक्र गरगर फिरूं लागलें. बाहेर रस्ता खणणारांनीं नेटची तार तोडली होती. रघोजी मोबाइल उंच धरोन गच्चीवर धांवले, परंतु रेंजेचा पत्ता नाहीं. नियम ऐसा कीं फिरून लॉगिन करण्यास मुभा आहे, परंतु घड्याळ थांबत नाहीं. हौसाबाई खुर्चीवरून उठल्या. आणि खिडकींतून पाहतात तों जावेच्या घरांत वायफायचे हिरवे दिवे लुकलुकत होते, कारण कीं त्यांची तार निराळ्या कंपनीची, निराळ्या वाटेनें आलेली.

बाईंनीं मनांत तोलिलें: जावें तर मान जातो, न जावें तर साल जातें. मग लॅपटॉप कांखेस मारोन त्या जावेच्या उंबऱ्यावर जाऊन ठाकल्या. द्वारकाबाई मेथी निवडीत होत्या. त्यांनीं जावेकडे पाहिलें, फिरत्या चक्राकडे पाहिलें, आणि एक अक्षर न बोलतां उठल्या. टेबलावरील मेथी परातींत लोटली, खुर्ची ओढली, आणि वायफायची पेटी उलटी करोन मागचा पासवर्ड पुढें धरिला. मग टीव्ही बंद केला, खिडक्या लाविल्या, आणि स्वतः दारांत उभ्या राहोन आल्यागेल्यास नुसत्या हातानें परतवूं लागल्या. इस्त्रीवाला तर घाबराच जाहला, कारण त्यानें या बाईंस गप्प ऐसें कधीं पाहिलेंच नव्हतें. आंत हौसाबाईंचा घसा सुकोन ढांस लागली. तेव्हां द्वारकाबाईंनीं तोंड भिंतीकडे फिरवून, हात तेवढा लांबवून, पाण्याचा पेला टेबलावर ठेविला. कॅमेऱ्यानें बांगड्यांचा हात टिपला आणि तिसरी ताकीद झळकली. हौसाबाईंनीं ती पाहिली, परंतु हात थांबविला नाहीं; आणि वेळ संपतां संपतां सबमिटाचें बटण दाबलें. उठोन जावेस कांहीं बोलावें, तर कोणत्या शब्दापासून आरंभ करावा हें सुचेना, म्हणोन तशाच माघारीं आल्या.

पुढें सर्वांचे निकाल लागले आणि हौसाबाईंचा रोखला. दरबारचें पत्र आलें कीं, खोलींत दुसरी व्यक्ती होती, सबब तीस घेऊन व्हिडिओवर सुनावणीस हजर व्हावें. रघोजी म्हणाले, वहिनींस मेसेज टाकितों. हौसाबाई म्हणाल्या, "मेसेज नको. मी जातें." आणि वाटींत कुंकू कालविलेल्या अक्षता घेऊन जावेच्या दारीं गेल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई, उद्यां सुनावणी आहे. तुम्ही आल्यावांचून होणार नाहीं." द्वारकाबाईंनीं अक्षता पदरांत घेतल्या, परंतु बोलल्या नाहींत.

दुसरे दिवशीं ठेवणींतलें लुगडें नेसून त्या आल्या आणि पडद्यापुढें बैसल्या. पलीकडे परीक्षाधिकारी यामिनीबाई केसकर होत्या. त्यांनीं शांतपणें विचारिलें कीं, आपण उत्तरें सांगितलीं काय, खुणा केल्या काय. घरचें माणूस घरच्यास मदत करतेंच, ऐसेंहि म्हणाल्या.

द्वारकाबाई म्हणाल्या, "बाईसाहेब, हिच्या लेकीच्या लग्नापासून मी हिच्याशीं बोलत नाहीं. आळींत कोणासहि विचारा. काल हीच दारीं येऊन बोलली. माझें तोंड अजून मिटलेलेंच आहे. जिला साधें बस म्हटलें नाहीं तिला उत्तर कशाला सांगूं?"

"मग पाणी कां दिलेंत?"

"तहानलेल्याला देतात. त्याला बोलावें लागत नाहीं."

यामिनीबाईंनीं पेपराचें चित्रमुद्रण लावोन पाहिलें. आवाज कोणाचा नाहीं, खूण नाहीं. बांगड्यांचा हात आणि मागच्या कपाटाच्या आरशांत भिंतीकडे वळविलेलें, रागानें मुरडलेलें एक तोंड. अधिकारी बाई स्वतः दोन जावांच्या घरीं नांदलेल्या. तें तोंड त्यांनीं तत्काळ ओळखिलें, हंसूं पदराआड केलें, आणि लिहिलें कीं संगनमत शाबीत होत नाहीं, निकाल मोकळा करावा.

पडदा काळा जाहला. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "त्या दिवशीं पाणी तरी प्यालीस का?"

"नाहीं. मान हलली असती."

"वेडीच आहेस," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पदर खोंचून नीट सरसावून बैसल्या. "बरें. आतां लग्नाचें बोलूं."

आणि मग जें रण माजलें तें दिवेलागणीपर्यंत. कैक वर्षांचें तुंबलेलें सर्व बाहेर आलें; अक्षत, आहेर, मानाची साडी, सर्व. आळीनें खिडक्या उघडिल्या आणि रघोजी चहा देऊन देऊन थकले. हौसाबाई म्हणाल्या, माझें चुकलें. आणि द्वारकाबाई म्हणाल्या, तें ठाऊक आहे, पुढें बोल. रात्रीं दोघी एका ताटांत जेवल्या.

तात्पर्य, हौसाबाई पहिल्या वर्गांत पास जाहल्या, मुख्यसेविकेची जागा पावल्या, आणि हुकूम हातीं आला तेव्हां तो आधीं कोणीं मोठ्यानें वाचला हें साऱ्या आळीनें घरबसल्या ऐकिलें. ऐकिलें तैसें लिहिलें. येथें कलम ठेविली.