तांबट आळीची डोकेदुखी

मेलबर्नहून शिकून परतलेल्या शाल्मली पिंपळेला वाटलं होतं, की दिवसभर तांब्यावर हातोड्या चालणाऱ्या तांबट आळीत निदान चाळीस डोकी तरी ठणकत असतील. प्रत्यक्षात अख्ख्या आळीत डोकेदुखी एकच होती, आणि ती रविवारपर्यंत दत्तोबा वडक्यांकडे होती.

हे तिला आळीचे पंच भाऊ हजारे यांनी सांगितलं, नळाला पाणी कधी येतं ते सांगावं इतक्या सहज. आळीत तेवीस घरं. डोकेदुखी पंधरा दिवस एका घरी राहते, मग पुढच्या घरी जाते. रविवारी संध्याकाळी जुना माणूस कपाळाचं फडकं सोडून नव्याच्या कपाळाला बांधतो, की ती तिकडे गेली. ज्याच्याकडे ती असेल, त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतल्या हातोड्या बंद राहतात. जेवण शेजारून येतं, खिडकीवर चादर लागते आणि त्या माणसाला कुणी हाक मारत नाही. घरातल्या कुणी घ्यायची, ते ज्याच्या त्याच्या घरानं ठरवायचं.

"आजोबांच्या वेळेपासून हीच एक आहे," भाऊ म्हणाले. "जपून वापरलीय."

शाल्मली चार वर्षांची असताना वडिलांबरोबर गाव सोडून गेली होती. आता ती ऑस्टिओपॅथ होऊन आली होती, म्हणजे औषधाशिवाय, नुसत्या हातांनी हाडं-स्नायूंचं अवघडलेपण सोडवणारी. येताना विमानातच तिनं ठरवलं होतं, की पाच वर्षांत या गावात एकही डोकं दुखता कामा नये. तांबट आळीचं काम तर अर्ध्या तासाचं निघालं. तिचा थोडा हिरमोड झाला. पण उद्यावर टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी सकाळी ती वडक्यांच्या दारात उभी राहिली.

दत्तोबा अंधाऱ्या खोलीत कण्हत पडले होते. तिनं त्यांच्या उशाशी बसून दोन्ही हातांची बोटं कवटी जिथे मानेवर टेकते त्या खोबणीत ठेवली आणि डोक्याचा सगळा भार बोटांवर घेतला. तिथे दाबायचं नसतं, वाट पाहायची असते. शाल्मलीला एरवी क्षणभर धीर धरवत नसे. जो काही धीर होता तो बोटांत होता. पंधराव्या मिनिटाला मानेचे स्नायू लोण्यासारखे सैल झाले.

"गेली," दत्तोबा म्हणाले. मग उठून बसले, कपाळ चाचपलं, उशी उचलून खाली पाहिलं. "कुठे गेली?"

कुठेच नाही, संपली, असं तिनं सांगितलं. दत्तोबांचा चेहरा पडला.

"अहो, रविवारी मला ती करड्यांकडे पोचती करायचीय."

शुक्रवारी पंच बसले. कुणी आवाज चढवला नाही. उपचार उत्तम झाल्याचं भाऊंनी आधी नमूद केलं. मग म्हणाले, की डोकेदुखी दत्तोबांकडे होती, पण दत्तोबांची नव्हती. ती आळीची होती. पर्यायांचा विचार झाला. शेजारच्या कासार आळीकडे एक होती, पण ती अर्धशिशी, शिवाय लग्नात सुनेबरोबर आलेली, त्यामुळे उसनी मिळण्यासारखी नव्हती. एकानं आपली दाढदुखी देऊ केली. दाढेसाठी हातोड्या थांबवायची प्रथा नाही, म्हणून ती साभार नाकारण्यात आली. नुसतं फडकंच बांधून चालवावं का, असंही कुणी सुचवलं. त्यावर करड्यांच्या थोरल्या बाई, अनसूयाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या तिथूनच बोलल्या.

"रिकामं फडकं बांधून आमची सून लोळणार आणि शेजाऱ्यांनी भाकऱ्या थापायच्या? शोभतं का ते?"

शोभत नाही, असं सर्वानुमते ठरलं. करड्यांचा नंबर रद्द करण्यात आला.

शाल्मलीला वाटलं, एका घराची पीडा टळली, यात रडण्यासारखं काय आहे? पण तिला स्वस्थ बसवेना. बोटं टेबलाच्या कडा चाचपत राहिली. शनिवारी दुपारी करड्यांची सून मालन आली. घागर कल्हईला टाकायला निघाले असं घरी सांगून आली होती, त्यामुळे घागर कडेवरच होती. ती बसली नाही.

"ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "नऊदा आमच्याकडे आली. सहादा यांनी घेतली, तीनदा सासूबाईंनी. या खेपेला मला मिळणार होती. मी अभ्रासुद्धा धुऊन ठेवला होता."

विश्रांतीच हवी तर डोकेदुखी कशाला, अशीच घ्यावी, असं शाल्मलीनं कळकळीनं सांगितलं. शरीराचा तो हक्कच आहे, असंही सांगितलं. मालननं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या तिकडे अशीच देतात?"

"देतात ना. रजा घेता येते."

"रजा मागताना काय सांगतात?"

शाल्मलीनं आठवून पाहिलं. तिला खोटं बोलता येत नसे.

"डोकं दुखतंय, असं सांगतात."

मालननं घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि ती गेली.

त्या संध्याकाळी शाल्मली नदीच्या वळणापर्यंत तीनदा गेली आणि तीनदा परत आली. कुणाला अपाय करणार नाही, अशी शपथ तिनं घेतली होती. मालनला अपाय आधीच झाला होता आणि तो तिच्याच हातून झाला होता. गाठ ज्या बोटांना सोडवता येते, त्यांना मारताही येते, हे तिला शिकवलं नव्हतं. पण असं नसतं, असंही कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं ठरवलं. हात गरम पाण्यानं धुतले आणि भाऊंना घेऊन ती करड्यांकडे गेली. आळीची डोकेदुखी मी भरून देते, पण ज्या व्यक्तीत ती बसवायची तिची मान मला आधी तपासावी लागेल, आणि नंबर मालनचा आहे, असं तिनं सांगितलं. अनसूयाबाई म्हणाल्या, की नवीच येणार असेल तर आधी थोरल्यांनी वापरून पाहावी. भाऊंनी विचार केला. नंबर रद्द झाला होता तो मालनच्या नावावर, तेव्हा पूर्ववतही त्याच नावावर होईल, असा त्यांनी निर्णय दिला. दत्तोबांनी घडी घातलेलं फडकं आणून दिलं.

मालन आडवी झाली. शाल्मलीनं बोटं त्याच खोबणीत ठेवली, डोक्याचा भार घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उलट्या दिशेनं काम सुरू केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मालनच्या भुवया हळूहळू जवळ आल्या.

"येतेय," ती म्हणाली.

भाऊ बाहेर गेले. डावीकडची हातोडी थांबली, मग उजवीकडची.

"पंधरा दिवस टिकेल?" मालननं डोळे मिटूनच विचारलं.

"टिकेल. पक्की बसवतेय."

"मग उजव्या अंगाला बसवा, ताई. मी डाव्या कुशीवर झोपते."

शाल्मलीनं ती उजवीकडे बसवली.